दिव्यावरची टेप

आमच्या दाजींचा ठाम समज आहे, की टेप गुंडाळली की जगातलं काहीही दुरुस्त होतं. परवा ओल्या उतारावर ताईनं ब्रेक दाबला, चाकं जॅम झाली आणि गाडी घसरत जाऊन शाळेच्या भिंतीपासून हातभर अंतरावर थांबली. मागे दोन्ही पोरं बसलेली. त्याच उतारावरून तिला रोज जायचं असतं, म्हणून दाजी गाडी माझ्या गॅरेजात घेऊन आले. वर मलाच ऐकवतात, "वायर मी मागेच जोडलीये. तू फक्त एक नजर टाक."

नजर टाकली आणि डोकंच फिरलं. चाक किती वेगानं फिरतंय हे, चाकं जॅम होऊ न देणाऱ्या ब्रेकच्या कॉम्प्युटरला कळवणारा सेन्सर, त्याच्या दोन तारा घासून तुटलेल्या. दाजींनी त्या बोटांनी पिळून वर टेप गुंडाळली होती, तीही खोकी चिकटवायची! आत पाणी शिरून तांबं हिरवंगार झालेलं.

"कुठे शिकलात हो हे?"

"व्हिडिओ पाहिला."

"शेवटपर्यंत पाहायचा होतात."

ते तोंड वाकडं करून स्टुलावर बसले. चकचकीत तांबं दिसेपर्यंत मी तार कापली, नवे तुकडे घातले. दोन तारांचे सांधे शेजारी-शेजारी येऊ न देता पुढेमागे ठेवले, त्यांच्यावर आतून गोंद असलेली नळी चढवली आणि गरम हवेनं आवळली. मग दोन्ही तारांना पुन्हा एकमेकींभोवती पीळ दिला, कारण त्या मोकळ्या सोडल्या तर सेन्सर काहीही बरळतो. शेवटी स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून तार ताणली जात नाही ना, ते पाहिलं. प्रत्येक गोष्ट दाजींना ऐकू जाईल अशा आवाजात सांगत होतो. मजा येत होती, खोटं कशाला बोलू?

गाडी चालू करायला आत बसलो तर डॅशबोर्डवर, ब्रेकच्या पिवळ्या दिव्याच्या जागी, काळी टेप.

"दाजी! दिव्यावरसुद्धा? धन्य आहात! पोरांच्या जिवाशी खेळताय, काही लाज?"

उत्तर दारातून आलं. ताई कामावरून थेट इकडे आली होती.

"त्यांना काय बोलतोस? ती मी लावलीये."

"तू?"

"तीन महिन्यांपूर्वी दिवा लागला, तेव्हा पहिला फोन तुलाच केला होता. तू म्हणालास, आत्ता वेळ नाही, दिव्यानं कुणी मरत नाही, टेप लाव त्याच्यावर."

असं मी दिवसातून दहा जणांना सांगतो. त्यात ताई होती, हेसुद्धा माझ्या लक्षात नव्हतं.

मी गाडी चालू केली आणि नखानं टेप सोलून काढली. खाली दिवा विझलेला होता, काम चोख झालं होतं. दोघांकडे बघायची माझी हिंमत होईना. दाजी निदान गाडीखाली तरी शिरले होते.