गाडीत बसलेले आप्पा

मे महिन्यातला रविवार, भर दुपार, आणि आमच्या बोरिवलीच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये चाळीस माणसं एका गाडीच्या खिडकीतून आळीपाळीने आत हात घालत होती.

"आली रे, गार हवा आली."

"सरक ना जरा, मला पण बघू दे."

बॉनेटपाशी मार्तंडबाबा डोळे मिटून उभे होते. हातात रिकामा कलश. "आत्मा शांत झाला," ते म्हणाले. "पण तात्पुरता. आत्म्याला गॅरंटी कार्ड नसतं."

गाडी आमच्या सोसायटीतल्या सहदेवची, त्याआधी त्याच्या वडिलांची, म्हणजे आप्पांची. मागच्या उन्हाळ्यात तिचा एसी बिघडला तेव्हा आप्पा दुरुस्त करून घे म्हणाले होते आणि सहदेवने "बघू पुढच्या महिन्यात" म्हणून टाळलं होतं. दिवाळीनंतर आप्पा गेले. मग सहदेवने व्हिडिओ बघून स्वतःच एसीच्या कॉम्प्रेसरचा क्लच बदलला. सकाळी हवा झकास यायची. दुपारी गाडी अर्धा तास चालली की बंद.

बाबांनी निदान केलं, "गाडीत वडील बसलेत. तू त्यांना गारवा दिला नाहीस, आता ते तुला देत नाहीत." हे बाबांना कळलं कसं, याचंच लोकांना नवल. सहदेवने ते स्वतः रडत रडत दहाजणांना सांगितलं होतं, हे कुणाच्या लक्षात नव्हतं.

विधी असा: इंजिन बंद, बॉनेट उघडं, अर्धा तास मंत्र, तीन कलश पाणी. मग एसी सुरू. संध्याकाळी पुन्हा बंद. शेवटी बाबांनी कायमचा उपाय सांगितला. पुढच्या रविवारी गाडी त्यांच्या मानखुर्दच्या मठाला अर्पण करायची. सहदेव तयार झाला. गाडी जाण्याचं त्याला दुःख नव्हतं. आप्पा आपल्यावर रागावून गेले, या विचाराने तो जेवेनासा झाला होता.

सोमवारी त्याची मुलगी गंधाली माझ्याकडे आली. मी निवृत्त शिक्षक, सोसायटीतली मुलं संध्याकाळी माझ्याकडे विज्ञान शिकतात.

"सर, आजोबा स्टिअरिंगसमोर बसायचे. मग मार्तंडबाबा पाणी इंजिनाच्या एकाच कोपऱ्यात का ओततात?"

"आणखी काय पाहिलंस?"

"सकाळी मार्तंडबाबा नसतात, तरी एसी चालतो."

"म्हणजे आप्पा सकाळी रागावत नाहीत?"

ती हसली. "किंवा गाडी तापली की काहीतरी होतं."

"मग हे तपासायचं कसं?"

उत्तर तिने तीन दिवसांनी आणलं, आणि ते माझ्या डोक्यात होतं त्यापेक्षा चांगलं होतं.

रविवारी सहदेव मार्तंडबाबांसमोर किल्ली घेऊन उभा होता. मी म्हणालो, "द्यायची तर दे. आधी तासभर गाडी आम्हाला दे."

"सर, आज मस्करी नको हां."

"मस्करी नाही. दहिसरपर्यंत जाऊन ये."

तो आला तेव्हा एसी बंद पडलेला होता. इंजिन थांबवलं, बॉनेट उघडलं. गंधालीने कलशात नळाचं पाणी आणलं आणि खणखणीत आवाजात सुरू केलं, "बे एके बे, बे दुणे चार..." खालची सगळी पोरं तिच्यात मिसळली.

"पाढ्यांनी आत्मा जातो होय?" बाबा हसले.

सतराचा पाढा चालू असताना मी कलश तिरका केला, आणि बाबा एकदम पुढे झाले. "अहो, पट्ट्यावर नको, घसरेल. पुलीवर ओता, पुलीवर."

पाढे थांबले.

"मंत्रात पुली कधीपासून आली?" मी विचारलं.

दुसऱ्या मजल्यावरून सुनंदाकाकू ओरडल्या, "कुठल्या गॅरेजात होता हो?"

"घाटकोप..." इतकं बोलून बाबा थांबले.

पोरांनी पाढे पुढे चालवले, मी तिन्ही कलश पुलीवर ओतले. तीस दाहे तीनशे झाल्यावर सहदेवने गाडी सुरू केली. टक् असा आवाज झाला आणि गार हवा आली. बाबांना मानखुर्दला तातडीचं काम आठवलं. किल्ली त्यांनी मागितली नाही.

मग मी पोरांना बॉनेटभोवती उभं केलं. एसीच्या कॉम्प्रेसरला पुढे एक चाक असतं, ती पुली. इंजिन चालू असेपर्यंत ती फिरतच असते. तिच्या समोर एक चकती असते. एसीचं बटण दाबलं की आतल्या तारेच्या वेटोळ्यात वीज जाते, त्याचा लोहचुंबक होतो, तो चकतीला ओढून पुलीला चिकटवतो आणि कॉम्प्रेसर फिरू लागतो. चकती आणि पुलीत फट हवी साधारण अर्ध्या मिलिमीटरची. इथे ती दुपटीहून जास्त होती. गार वेटोळं तेवढ्या फटीतूनही चकती खेचत होतं. तापल्यावर तारेतून वीज कमी जाते, चुंबक दुबळा पडतो, चकती हलत नाही. पाण्याने किंवा नुसत्या अर्ध्या तासाच्या विश्रांतीने वेटोळं निवलं, की पुन्हा जोर येतो.

चकती काढली. मागे तीन पातळ वॉशर निघाले, त्यांनीच फट वाढवली होती.

"तीन का घातलेस रे?" मी विचारलं.

"पाकिटात तीन होते," सहदेव म्हणाला. "विकत घेतलेले दोन फुकट का घालवायचे?"

"अरे, त्यातला बसेल तो एक निवडायचा असतो."

मधुवंती, त्याची बायको, कपाळाला हात लावून हसली. "टीव्हीचे उरलेले स्क्रूसुद्धा यांनी असेच कुठेतरी बसवलेत."

दोन वॉशर काढले, फट मोजली आणि गाडी उन्हातून भाईंदरपर्यंत फिरवून आणली. येईपर्यंत मागच्या सीटवरच्या गंधालीला शिंका यायला लागल्या होत्या.

सहदेव खाली उतरला. हळूच म्हणाला, "सर, म्हणजे आप्पा रागावले नव्हते?"

"वीस वर्षं ओळखत होतो मी त्यांना. रागावले असते तर तुझ्या तोंडावर बोलले असते."

त्याने बॉनेटवरून एकदा हात फिरवला. मग मधुवंतीला म्हणाला, "भूक लागलीय गं. काय आहे?"

मुलांनो, कुणी चमत्कार दाखवला तर त्याच्याशी भांडू नका. तेच पाणी घ्या, तेवढाच वेळ घ्या आणि मंत्र तेवढा वगळून बघा. आणि मोठ्यांनो, आपलं माणूस गेलं की मनाला टोचणी लागते, ती खरी असते. पण तिच्यावर कुणी दुकान थाटायला आला, तर किल्ली हातात देण्याआधी त्याला एक साधा प्रश्न विचारा. विचारायला संकोच वाटला, तर एखाद्या मुलाला विचारू द्या.