दोन सेकंदांची फट

दारावर चिठ्ठी होती : ‘वाचन चालू आहे.’ कागद फाटला की बदलायचा, अक्षर मात्र तेच. लेकीने आयुष्यात आपलं आपण वाचलेलं पहिलं वाक्य हेच. त्याचा अर्थही तिला तेव्हाच कळला होता : आत येऊ नकोस.

आत आई वाचत होती. अंधांच्या वाचनालयासाठी पुस्तकं वाचून ध्वनिमुद्रित करायचं काम ती वर्षानुवर्षं फुकट करत आली होती. आधी टेपरेकॉर्डरवर, आता कॉम्प्युटरवर. खिडकीला जाड रजई टांगलेली, पंखा बंद, टेबलावर मायक्रोफोन आणि हातात पेन्सिल. वाचताना जीभ अडखळली की ती पेन्सिलीने टेबलावर दोनदा टकटक करायची आणि वाक्य पहिल्यापासून घ्यायची. वाचनालयातला तंत्रज्ञ मागाहून ती टकटक शोधून चुकलेला तुकडा कापून टाकायचा.

लेक बाहेर उभी होती. पर्समध्ये आईचा नवा चष्मा. ती एका प्रकाशकाकडे मुद्रितं तपासायची. जेवणाची सुट्टी संपायच्या आत परत पोचायचं होतं. दाराला कान लावायची गरज नव्हती, आवाज ऐकू येतच होता. आईचे आवाज दोन. ‘गॅस बंद केलास का’, ‘ओला टॉवेल पलंगावर कोणी टाकला’ हा एक. तो लेकीच्या वाट्याचा. आत चालू होता तो दुसरा, सावकाश, मऊ, घाई कसली ती माहीत नसलेला. तो ऑपरेटरकाकांच्या वाट्याचा.

ऑपरेटरकाका म्हणजे टेलिफोन एक्स्चेंजमधले निवृत्त ऑपरेटर, जन्मापासून अंध, आईचे सगळ्यांत जुने श्रोते. प्रकरण संपलं की आईचा पहिला फोन त्यांना. “सुटलं हो तुमचं जहाज वादळातून,” असं काहीतरी म्हणायची आणि खळखळून हसायची. लेकीला त्या हसण्याचाही हेवा वाटायचा. चाळिशी उलटलेल्या, चार बुकं जास्तच वाचलेल्या बाईने एका अंध म्हाताऱ्यावर जळावं, हे काही शोभणारं नव्हतं. तिला ते कळायचं. कळून वळायचं नाही.

तिने चिठ्ठी वाचली. पुन्हा एकदा वाचली. जरा दम धरला असता तर प्रकरण संपलंच असतं. तिने दारावर दोनदा टकटक केली.

आतला आवाज वाक्याच्या मध्येच थांबला. खुर्ची सरकली. “आले गं.” कडी निघाली. “काय हवंय?”

“काही नाही. चष्मा आणलाय.”

“मग ठेवायचास की बाहेर टेबलावर. मला वाटलं आग लागली.” आईने चष्मा नाकावर चढवला आणि लेकीकडे निरखून पाहिलं. “अगं बाई, तुझ्या डोक्यात एवढे पांढरे केस? नको मला हा चष्मा. परत करून टाक.”

दोघी हसल्या. उरलेलं उद्या वाचते, असं म्हणून आईने आत जाऊन कॉम्प्युटर बंद केला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आईच्या दाराला अडकवलेली दुधाची पिशवी तशीच राहिली, म्हणून शेजारणीने फोन केला. झोपेतच गेल्या, डॉक्टर म्हणाले. चष्मा उशाशी होता.

*

महिना लोटला असेल. ऑपरेटरकाकांचा फोन आला.

“छोटी, मी बोलतोय.”

तिला छोटी म्हणणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं, आणि नेमके हे.

“बोला काका.”

“आमचं जहाज भर समुद्रात अडकलंय. शेवटचं वाचन ताईंच्या कॉम्प्युटरवर असेल. सीडी करून देतेस का? वाचनालयवाले म्हणतात, सीडी बंद, आता सगळं मोबाइलवर. जन्मभर फोन कानाला लावला, आता गोष्ट तरी फोनवर नको.”

“मला नाही येत सीडी करता.”

“शिकशील. ताई म्हणायच्या, छोटी हट्टाला पेटली की काहीही शिकते. एकच सांगतो. दर पाच मिनिटांनी नवा ट्रॅक सुरू झाला पाहिजे. मला मध्येच डुलकी लागते. मग बटण दाबत मागे येता येतं. पण दोन ट्रॅकच्या मध्ये फट नको. सलग हवं.”

आई आपल्याविषयी परक्या माणसाशी बोलायची, आणि ते आपल्याला त्याच्याकडून कळावं. फोन ठेवल्यावर हे तिच्या डोक्यात बराच वेळ घुमत राहिलं.

आईचा तो शेवटचा आवाज तिने अजून ऐकला नव्हता. एखादी वस्तू कपाटात जपून ठेवावी तसा तो तिने ठेवला होता. आता ऐकायचा, तो देऊन टाकण्यासाठी.

पण काम हातात घेतलं की ते नीट करायची तिला खोड होती. आईच्या कॉम्प्युटरसमोर बसून आधी पेन्सिलीच्या खुणा. स्क्रीनवर आवाजाची जाड रेघ दिसायची आणि टकटकीच्या जागी दोन सुळे वर आलेले. सुळे शोधायचे, मागची चूक कापायची, पुढचं जोडायचं. मुद्रितशोधनाचीच जात ती. अगदी शेवटाकडे आणखी दोन सुळे होते. ते पेन्सिलीचे नव्हते, हे तिला न ऐकताच कळलं. मागच्या पूर्णविरामापर्यंत गेली आणि तिथून पुढचं सगळं उडवून टाकलं. मूळ फाइल तेवढी वेगळी ठेवली. मूळ प्रत फेकून द्यायची नाही, ही धंद्याची सवय.

मग सीडी लिहायचा प्रोग्रॅम शोधायला बसली. कॉम्प्युटरबरोबर आलेला होताच. पाच-पाच मिनिटांच्या तुकड्यांच्या फाइली ओढून त्याच्या खिडकीत टाकायच्या, लाल बटण दाबायचं, सीडी तयार. पण तो दर दोन ट्रॅकमध्ये स्वतःहून दोन सेकंदांची शांतता घालायचा, आणि ते बंद करायची सोय कुठेच नव्हती. दुसरा तिने इंटरनेटवरून उतरवला. त्यात फटीसाठी चौकट होती. तिथे शून्य लिहिलं. तरी सांध्यावर बारीकसा ‘टक्’ उरलाच. पाच मिनिटांचा तुकडा सीडीच्या ठरावीक मापात बरोबर बसला नाही, तर उरलेली जागा तो शांततेने भरायचा. तिसरा दिसायला राखाडी, रडका, आणि सूचना अशा की वाचून माणसाने हाय खावी. पण त्याची रीतच निराळी. त्याला अख्खं वाचन एकाच लांब फाइलमध्ये द्यायचं. कापायचं काही नाही. नवा ट्रॅक कुठून धरायचा तेवढ्या खुणा द्यायच्या आणि पूर्ण सीडी एका दमात लिहायची. आवाज अखंडच राहतो.

म्हणजे हाच. तिने सूचना शेवटच्या ओळीपर्यंत वाचल्या, एक चाचणीची सीडी करून खात्रीही केली. मग तो बंद केला, पहिला प्रोग्रॅम उघडला आणि लाल बटण दाबलं. मिळू दे त्यांनाही थोडं तुटक. आपल्याला जन्मभर तुटकच मिळालं.

*

“छोटी, तुझ्या सीडीत ताईंना उचक्या लागल्यात.”

“म्हणजे?”

“कप्तान ओरडतो, ‘दोर’. मग सगळं जहाज गप्प. मग ‘सोडा!’ तेवढ्यात माणूस बुडून तळाला जाईल.”

तिला हसू आलं आणि आल्याचा राग आला. “प्रोग्रॅमच तसा आहे, काका.”

“दुसरा नाही मिळत?”

तिने चाचणीची सीडी वर्तमानपत्राखाली सरकवली. काका म्हणाले, “बरं, ते राहू दे. शेवट कुठाय? त्या दिवशी दुपारी ताईंचा फोन आला होता. म्हणाल्या, आज दीपस्तंभ दिसेपर्यंत वाचलं, मग छोटी आली. तुझ्या सीडीत दीपस्तंभ दिसतच नाही.”

“तिथे टकटक आहे. टकटक म्हणजे चूक. कापायची असते.”

“असू दे की चूक.”

“वाक्यही पुरं नाही.”

“माझ्याकडे ताईंची पुरी वाक्यं कमी आहेत का गं? अर्धी जास्त आहेत. फोनवर गोष्टीला रंग भरला की ‘ठेवते हं, छोटी आली’. शाळेतून आली, कॉलेजातून आली, ऑफिसातून आली. तू आलीस की माझं संपलं. तुला काय वाटतं, मला कौतुक वाटायचं तुझं? हाडवैरीण वाटायचीस.” ते हसले, आणि हसता हसता खोकले. “आता सांगायला हरकत नाही. दे बाई ते अर्धं वाक्य.”

फोन ठेवून ती आईच्या घरी गेली. चिठ्ठी अजून दारावर होती. आजवर तिने ती बाहेरच्या बाजूनेच वाचली होती.

मग तिने मूळ फाइल उघडली. पेन्सिलीच्या चुका पुन्हा एकेक करून काढल्या; दाराच्या टकटकीला हात लावला नाही. तिसऱ्या प्रोग्रॅमला अख्खी लांब फाइल दिली आणि दर पाच मिनिटांवर खूण केली. शेवटची खूण तेवढी पाच मिनिटं व्हायच्या आधीच दिली, टकटकीच्या किंचित अलीकडे. का, ते स्वतःला विचारलं नाही.

*

काकांच्या खोलीत भर दुपारी अंधार होता; दिव्याची त्यांना गरज नव्हती आणि तिने लावला नाही. सीडी प्लेअरचं मागे जायचं बटण घासून गुळगुळीत झालं होतं. ती त्यांच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

आई वाचू लागली. सावकाश, मऊ. प्लेअरवर ट्रॅकचे आकडे एकाचे दोन झाले, दोनाचे तीन, आणि आईला त्याचा पत्ताही नव्हता. वाक्य इकडून तिकडे सरळ निघून जात होतं. दाराच्या आत बसून, काही कापायचं नसताना, हा आवाज ती पहिल्यांदाच ऐकत होती. काकांना डुलकी लागली नाही.

“‘कप्तानाने दुर्बीण खाली केली. दूर, पाण्याच्या कडेला, एक उजेड लागत होता, विझत होता, तसे सगळे कठड्याशी धावले, आणि त्यांच्यातला एक जण—’”

टकटक. खुर्ची सरकली. माइकपासून लांब गेलेला आवाज. “आले गं.” कडी. “काय हवंय?” “काही नाही. चष्मा आणलाय.” आग, पांढरे केस, दोघींचं हसणं. मग काही नाही.

“दिसला दीपस्तंभ,” काका म्हणाले. मग मान न वळवता विचारलं, “मागे घेऊ?”

“घ्या.”

त्यांनी बटण एकदाच दाबलं.

टकटक. “आले गं. काय हवंय?”

“मलाही वाचून दाखव,” ती म्हणाली. सीडीतली ती तेवढ्यात ‘काही नाही’ म्हणत होती, म्हणून तिला जरा मोठ्याने बोलावं लागलं. “आई, मलाही वाचून दाखव ना.”