भेगेवर काढलेली भेग

मी गिटार बोलतेय. मोबाईलवरच्या लिलावात माझी ओळख वाचून तुम्ही इथवर आला असाल, तर ती आधी विसरा. तिथे लिहिलंय की मी दुर्मीळ आहे, एका खानदानी कलावंताने मला जिवापाड जपलंय आणि माझ्या आवाजात कोकणचा समुद्र ऐकू येतो. समुद्र मी एकदाच पाहिला, तोही टेम्पोच्या मागच्या फळीच्या फटीतून, आणि तेव्हा माझ्या पोटावर वड्यांची पिशवी ठेवलेली होती.

खरं सांगते. एका मोठ्या कारखान्यात माझ्यासारख्याच शेकडो बहिणींबरोबर मी तयार झाले. पोकळ पोट, सहा तारा, साधं लाकूड. मुंबईच्या एका दुकानातून मला गडब गावच्या गुणाजींनी आणलं. गुणाजींची बँजो पार्टी होती. हळद, साखरपुडा, गणपतीचं विसर्जन, बोलावतील तिथे जायची. पार्टीत खरा मान बँजोचा. मला आणलं ते फोटोत बरी दिसते म्हणून.

वाजवायला मला हितेशच्या हातात दिलं. हितेश त्याच गावचा, रोह्याजवळ धाटावच्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जातो. माणूस इतका लाजाळू, की स्टेजवरही ढोलकीवाल्याच्या मागे उभा राहायचा. बोटं मात्र लाजत नसत. सरावासाठी तो मला घरी न्यायचा. त्याची बायको अनिता भाकऱ्या थापता थापता ऐकायची. तिने जुन्या साडीचा हिरवा काठ शिवून मला खांद्याचा पट्टा केला.

एका विसर्जनाला टेम्पोने गचका खाल्ला आणि मी खाली पडले. मानेला भेग गेली. हितेशने सुताराचा गोंद भरला, सुतळीने मान आवळून ठेवली आणि कामावरून आला की आधी माझ्याकडे बघायचा, मग चहा मागायचा. तेव्हापासून जाड तारेवर एका जागी बोट ठेवलं की भुणभुण येते. त्याला ती जागा माहीत होती, मला त्याचं बोट माहीत होतं. आमचं भागत होतं.

मग लोकांना डीजे हवासा झाला. वाजवणारी माणसं नकोत, छाती हादरवणारी खोकी हवीत. गुणाजींनी पार्टी मोडली आणि स्वतःच डीजे घेतला. त्या दिवसांत हितेश सुट्टी मिळाली की मला घेऊन बसायचा. एकदा घरात पाणी भरायचं राहिलेलं, सिलिंडर संपलेला, आणि हा तारा जुळवतोय. अनिता चिडली.

"कोण ऐकतंय आता तुमचं? गावात हसं होतंय!"

हितेशने तारा सैल केल्या. दुसऱ्या दिवशी मला गुणाजींच्या माळ्यावर ठेवून आला. त्यानंतर हितेशच्या घरात गिटार हा शब्द कुणी काढला नाही म्हणे. माणसांना बोलायला तोंड आहे, पण महत्त्वाचं काही असलं की ती फक्त भाजीत मीठ कमी आहे का एवढंच विचारतात.

माळ्यावर मी किती काळ पडून होते ते सांगत बसत नाही. उंदीर सभ्य होते.

मला खाली उतरवलं ते हरेशने. हा गुणाजींचा भाचा. रोह्यात त्याचा गाळा आहे. पूर्वी तिथे मोबाईलची कव्हरं विकायचा, आता जुनी वाद्यं, माईक, स्पीकर गोळा करून ऑनलाइन लिलावात काढतो. तो स्वतःला संग्राहक म्हणतो. गाव त्याला भंगारवाला म्हणतं. दोन्हींत फरक एवढाच, की संग्राहक आधी फोटो काढतो.

माझ्याबरोबर पार्टीचं बाकीचं सामानही आलं. ॲम्प सुरू केला की कण्हायचा. त्याचा लाल दिवा लागला एवढ्यावर हरेशने लिहिलं, 'उत्तम चालू स्थितीत.' कीबोर्डच्या चार पट्ट्या गायब होत्या. त्याचा फोटो त्याने त्या बाजूला झेंडूचं फूल ठेवून काढला. माझी पाळी आली तेव्हा त्याने दात घासायच्या ब्रशने माझी धूळ काढली, तारा उतरवल्या आणि अनिताने शिवलेला पट्टा ॲम्प पुसायच्या चिंध्यांत टाकला. मग मला मोटारसायकलवर मागे बांधून पेणला नेलं.

पेणला जनूकाकांचा गणपतीचा कारखाना आहे. रंगाची वाट बघणाऱ्या पांढऱ्या मूर्ती रांगेने बसलेल्या. त्यांच्यात मला उभं केलं.

"काका, जुनी दिसली पायजे," हरेश म्हणाला. "पण महागातली जुनी."

"म्हंजे कशी? खराब करू?"

"नाय हो. कडेला काळपट, मध्ये उजळ. फॉरेनच्या असतात तशी."

जनूकाकांनी मला उलटंपालटं करून पाहिलं. मानेवर त्यांचा अंगठा थांबला.

"हरेश, ही तर खंडित हाय रे."

"मग?"

"मग काय? भेग असलेली वस्तू आमच्या दारातनं बाहेर जात नाय."

त्यांनी भेग भरली, घासली, पुन्हा भरली. तिथे कधी काही झालं होतं हे मलाही शोधून सापडेना. मग रंगाची गन चालवली. हात आयुष्यभर गणपतीच्या पोटावर फिरलेला. कडा काळ्या झाल्या खऱ्या, पण मध्यभागी मला गुलाबी झाक आली आणि वर मोत्याची चमक. पाठीवर एका हळदीतल्या मटणाच्या रश्श्याचा डाग होता, तोही रंगाखाली गेला. मी वाद्य आहे की मोदक खाऊन बसलेली कुणी, हे ओळखणं कठीण झालं. रंगाचे थर चढले तसं माझं लाकूड आतून गप्प होत गेलं, ते मात्र कुणाच्या ध्यानात आलं नाही. तारा नव्हत्या, तेव्हा मी सांगणार कशी?

देताना जनूकाकांनी माझ्या तोंडावर नवा रुमाल बांधला.

"हे कशाला?" हरेशने विचारलं.

"सवय हाय."

रोह्याला परत येताना एका रेल्वे फाटकापाशी थांबलो, तर एका बाईने मला हात जोडले. हरेशनेही मान डोलावून नमस्कार घेतला.

मग माझा लिलाव लागला. त्याची लिंक हरेशने गडबच्या ग्रुपवरही टाकली. दोन दिवस कुणी फिरकलं नाही. तिसऱ्या दिवशी 'बांद्रा बॉय' नावाच्या गृहस्थाने छोटीशी बोली लावली आणि खाली प्रश्न टाकला. हरेशने तो मोठ्याने वाचला, "मान एकदा मोडून चिकटवलेली आहे का?"

मी जागच्या जागी ओळखलं. बांद्र्याला माझी मान कुणाला माहीत असणार! हा हितेश. कंपनीच्या बसमध्ये बसून लिहीत असणार. सरळ रोह्याला येऊन "मला ती हवीय" म्हणायला त्याची जीभ रेटेना, म्हणून माझे दोष चारचौघांत सांगून बाकीच्यांना पळवून लावायचा त्याचा बेत होता. लाजाळू माणूस एकदा का लबाडी करायला निघाला, की ती फार मेहनतीने करतो.

हरेश आधी घाबरला. मग त्याने उत्तर लिहिलं, 'होय! या गिटारने रंगमंचावर घाव सोसला आहे. खऱ्या जाणकारांसाठीच.' तासाभरात आणखी बोली आल्या.

दुसरा प्रश्न आला, "जाड तारेवर भुणभुण येते का?" उत्तर गेलं, 'जुन्या लाकडाचा गुणगुणण्याचा स्वभाव आहे.' बोली चढली. "पाठीवर रश्श्याचा डाग आहे का?" उत्तर, 'कोकणी आदरातिथ्याची खूण.' बोली आणखी चढली. बिचारा हितेश मला जितकी वाईट ठरवत होता, तितकी मी महाग होत होते.

पण लोक आता घावाचा फोटो मागू लागले आणि घाव तर दिसत नव्हता. हरेशने मला पुन्हा पेणला नेलं.

"काका, भेग उकरा."

"काय म्हनतोस?"

"गिऱ्हाइकाला भेग पायजे."

जनूकाकांनी ब्रश खाली ठेवला. "भरलेली भेग मी उकरनार नाय. डोकं ठिकानावर हाय ना तुझं? लोक भेग दिसली की माघारी जातात, आन तुझं गिऱ्हाईक भेग मागतंय?"

"शिकलेलं गिऱ्हाईक हाय, काका."

जनूकाकांनी मला उचलून उजेडात धरलं. शेवटी ज्या बारीक ब्रशने ते देवाच्या भुवया काढतात तो उचलला आणि माझ्या मानेवर, खऱ्या भेगेच्या बरोबर वर, एक भेग काढून दिली. इतकी हुबेहूब, की मला दुखल्यासारखं झालं. खाली खरी भेग, मध्ये लांबीचं भरण, वर चितारलेली भेग. एवढ्याशा खऱ्या गोष्टीसाठी एवढं खोटं करणारे लोक मी आणखी कुठे पाहिले नाहीत. फोटो गेला आणि लोकांनी त्याखाली पसंतीचे अंगठे टाकले.

याच सुमाराला 'ए. के. कलेक्शन' आलं. त्यांचा प्रश्न एकच होता, "हिरव्या काठाचा पट्टा सोबत आहे का? नसेल तर नको."

हरेशने चिंध्यांतून पट्टा शोधला, साबणाने धुतला आणि लिहिलं, 'हातमागाचा वारसा.'  तो पट्टा अनिताशिवाय कुणाच्या लक्षात असणार?

म्हणजे नवरा बसमधून आणि बायको स्वयंपाकघरातून माझ्यावर बोली लावत होती, एकमेकांना न सांगता, एकमेकांच्या विरुद्ध. बाकीची गिऱ्हाइकं कधीच गळाली होती. बांद्रा एक पाऊल वर जाई, कलेक्शन दोन. हरेश गाळ्यात नाचत फोनवर मित्राला सांगायचा, "दोन येडे भिडलेत रे! कोन मागं हटत नाय!" त्या दोन येड्यांच्या मध्ये पत्र्याचं एक कपाट आणि पाण्याचं पिंप एवढंच अंतर होतं. हे जगात फक्त मला माहीत होतं, आणि मला आवाज नव्हता. माणसांना होता, पण त्यांनी तो जपून ठेवला होता.

शेवटच्या दिवशी दुपारी बांद्रा अचानक गप्प झाला. "संपला दम बांद्र्याचा!" हरेश म्हणाला. दम नव्हता संपला, ते मला मागाहून कळलं. कंपनीत आत मोबाईल नेता येत नाही, गेटवर जमा करावा लागतो. हितेश प्लांटमध्ये होता आणि त्याचा मोबाईल गेटवरच्या कप्प्यात. लिलाव कलेक्शनने जिंकला.

पत्ता वाचून हरेशचं तोंड पडलं. त्याने फोन लावला.

"वहिनी, तुम्ही? आधी सांगायचं ना! घरातल्या घरात दिली असती."

"मग आता द्या घरातल्या घरात," अनिता म्हणाली.

"आता ते सिस्टीममध्ये गेलं, वहिनी."

मला नव्या तारा चढवून त्याने गडबला पोचवलं. अनिताने मला खाटेवर ठेवलं. तिन्हीसांजेला हितेश कामावरून आला आणि दारातच थांबला.

"ही कुठून आली?"

"लिलावातनं घेतली. तो बांद्र्याचा मेला सारखा चढवत होता, नायतर पयल्याच दिवशी आली असती."

"कोन बांद्र्याचा?"

"हाय एक. घाणेरडे सवाल विचारायचा. मान मोडली काय, डाग हाय काय. मी म्हटलं, काय वाट्टेल ते होवो, याच्या हातात जाऊ द्यायची नाय."

हितेश चप्पल न काढताच खाली बसला. "अनिता गो, तो मीच."

अनिताला आधी कळेना. मग कळलं तेव्हा तिने हातातलं फडकं त्याच्या अंगावर फेकलं. "तुमी? बांद्र्यात कधी गेलेलात?"

"कधीच नाय. तुला काय तोंड नवतं, मला विचारायला?"

"आन तुमाला होतं?"

हितेशने फडक्याची घडी घातली. मग अनिता खालमानेने म्हणाली, "मी तवा बोलले ना, हसं होतंय म्हणून. ते मला परत घ्यायचं होतं. कसं घेतात ते कळंना."

पाहा. एक वाक्य परत घेण्यासाठी या बाईने लिलाव जिंकला. त्या पैशांत त्यांच्या मागच्या पडवीवर पत्रे चढले असते. ते आता पुढच्या वर्षी.

हितेशने मला मांडीवर घेतलं आणि एक तार छेडली. माझ्यातून गादीवर हात मारल्यासारखा आवाज आला. त्याने मानेवर अंगठा घासला, तर भेग पुसली गेली. तो मला खाटेवर ठेवून उठला. मग दाढीचं पातं आणून हलक्या हाताने पोटावरचा रंग खरवडायला लागला.

"हळू वो!" अनिता ओरडली. "सगळे पैसे त्या रंगाचेच दिलेत!"

आज माझं पोट अर्धं गुलाबी आहे आणि अर्धं उघडं लाकूड. लिलावात काढली तर कुणी हात लावणार नाही, याचं मला समाधान आहे. आवाज थोडा थोडा परत येतोय. हितेशची बोटं मऊ पडलीत, चुकतात, दुखतात.

काल तो वाजवत असताना रस्त्यावरून कुणीतरी हाक मारली, "कोन वाजवतंय रे?" हितेशचा हात जागीच थांबला. अनिता पीठ लागलेल्या हातांनी दारात गेली.

"आमचे हे वाजवतायत," ती म्हणाली. "ऐकायचं असंल तर आत या. नायतर पुढं चला."

तो माणूस आत आला. बसायला पाट मागितला.

तुम्हाला एवढंच सांगते. माळ्यावरचं काही विकायला काढाल, तेव्हा आधी घरात मोठ्याने विचारा, "हे कुणाला हवंय का?" फुकट विचारता येतं, म्हणूनच बहुतेक कुणी विचारत नाही. आता पुरे. हितेश खुंट्या पिळतोय, आणि तारा ताणल्या जात असताना मला बोलता येत नाही.