बिनवासाची बाग

साथीच्या दुसऱ्या वर्षी दीक्षाला ताप आला, आठवडाभर राहिला आणि जाताना तिच्या नाकाचा वास आणि बरीचशी चवही घेऊन गेला. आधी तिला वाटलं, सर्दी आहे. मग वाटलं, अशक्तपणा आहे, भरून येईल. पावसाळा गेला, थंडी गेली, कैऱ्यांचे दिवस आले. कैरी चिरली की बोटांना चीक लागे, डोळ्यांना हिरवं दिसे, आणि तेवढ्यावरच कैरी संपे. सगळं होतं तिथंच होतं, पण काचेपलीकडे सरकल्यासारखं. झोपेत आपण एखाद्या ओळखीच्या घरात फिरतो आणि तिथल्या कशालाच हात पोचत नाही, तसे तिचे दिवस जाऊ लागले.

पळसदरीत दीक्षाच्या डब्यांचं नाव होतं. तिच्या हातची सुक्या बोंबलाची चटणी आणि वालाचं बिरडं कर्जतच्या दुकानांतले लोक मागून घ्यायचे. नवरा प्रबुद्ध स्वतःचा टेंपो चालवायचा, तोच सकाळी डबे पोचवायचा. आता फोडणी करपली तरी दीक्षाला धूर दिसेपर्यंत कळेना. एकदा आंबलेली आमटी तशीच डब्यांत गेली. लोक चांगले होते, कुणी फार बोललं नाही. पण त्या दिवशी परत आलेले भरलेले डबे घासताना तिनं ठरवलं की आता पुरे. गुडघे धरतात, उभं राहवत नाही, असं तिनं सगळ्यांना सांगितलं.

प्रबुद्धला सुरुवातीला खरं ठाऊक होतं. तो रोज विचारायचा, आला का वास? आणि नाही म्हटलं की त्याचा चेहरा असा काही पडायचा की त्याचीच समजूत घालायची वेळ यायची. एका सकाळी ती सहज म्हणून गेली, "आला आता." तो इतका खूश झाला की पुढं ते खोटं सांभाळणं तिला भाग पडलं. तिसऱ्या वर्षीही ती ते सांभाळत होती. चहा पुढं आला की आधी कप नाकाशी न्यायचा, जरा थांबायचं, मग प्यायचा.

पलीकडच्या आळीत आनंदीबाई राहायच्या. घरची भातशेती, मुलगे नोकरीला, आणि हात काही स्वस्थ बसत नाहीत, अशी बाई. समाजमंदिरामागच्या पडीक तुकड्यावर त्यांनी बागकामाचं मंडळ सुरू केलं होतं. रेल्वेत सिग्नलकडे काम करणारा किशोर त्यांचा पहिला भिडू. नेरळच्या नव्या बिल्डिंगमधली रिया दुसरी. तिला घरी बाल्कनीत कढीपत्तासुद्धा जगवता आला नव्हता, म्हणून ती शिकायला यायची. दर रविवारी सकाळी ही मंडळी जमायची, वाफे करायची, रोपं तयार करून गावात फुकट वाटायची, आणि ज्याच्या परसात काही मरत असेल त्याच्याकडे जाऊन बघून यायची. मिरचीच्या शेंड्यावर मावा पडला तर सकाळी दव असतानाच चुलीची राख भुरभुरा, पाणी पानांवर न मारता बुडाशी घाला, पालापाचोळा जाळू नका, झाडाच्या पायाशी अंथरा, अशा गोष्टी आनंदीबाई जाता जाता सांगायच्या.

दसरा झाल्यावर त्या दीक्षाच्या दारात आल्या. घरात बसून गुडघे बरे होत नाहीत, असं म्हणाल्या आणि चपला घालायला लावूनच थांबल्या.

दीक्षा गेली ती नाइलाजानं, पण दुसऱ्या रविवारी आपणहून गेली. त्या दिवसांत धरणाकडून सकाळी धुकं यायचं आणि बागेत उतरून बसायचं. वांग्याचे वाफे, दुधीचा मांडव, वाकलेली माणसं, सगळं अर्धंअर्धंच दिसायचं. घाटाकडे चढणाऱ्या गाडीचा, तिला मागून रेटणाऱ्या इंजिनांचा आवाज कुठूनतरी वरून, ढगातून आल्यासारखा यायचा. ओली माती बोटांतून चाळताना दीक्षाला बरं वाटायचं. इथं कुणी चव विचारत नव्हतं. मातीचा थंडपणा, मुळांची केसांसारखी बारीक जाळी, शेवग्याच्या पानांची थरथर, एवढ्यावर भागत होतं. काचेपलीकडचं जग निदान हाताला तरी लागत होतं.

बागेच्या कोपऱ्यात जाळी गोल उभी करून खताचा ढीग लावला होता. सुका पाला, भाजीची देठं, शेणकाला, थरावर थर. खत पिकलं की त्यात माती मिसळून ट्रे भरायचे आणि वांगी, मिरची, टोमॅटोची रोपं त्यात लावायची, असं ठरलेलं. यंदा रोपं नेहमीपेक्षा जास्त हवी होती, कारण ठाकुरवाडीच्या बायकांनीही मागितली होती.

त्या रविवारी आनंदीबाईंना पडसं झालं होतं. पदरानं नाक पुसत त्यांनी ढिगातलं मूठभर खत दीक्षाच्या ओंजळीत टाकलं आणि म्हणाल्या, "वास बघ गं जरा. माझं नाक बंद हाय. मातीचा आला तर पिकलं, आंबूस आला तर नाय."

दीक्षानं ओंजळ नाकाशी नेली. किशोर फावडं घेऊन उभा होता, रिया ट्रे मांडून वाट बघत होती. तीन वर्षांची सवय होती. ती जरा थांबली आणि म्हणाली, "झालंय. मातीचा येतोय."

ट्रे भरले, रोपं लागली. पुढच्या रविवारी पानं पिवळी पडलेली दिसली, त्याच्या पुढच्या रविवारी बहुतेक रोपं बुडाशी काळी पडून आडवी झाली होती. किशोरला बियाण्याचा संशय आला. रियाला वाटलं, तिनंच पाणी जास्त घातलं. ती इतकी हिरमुसली की घरून आणलेली पाण्याची झारी बाजूला ठेवून पायरीवर जाऊन बसली. दीक्षानं एक रोप उपटून पाहिलं. मुळं विरघळल्यासारखी झाली होती. खत कच्चंच होतं, हे तिला कळलं. तोंडाशी आलेलं बोलणं गिळून ती घरी गेली आणि दिवसभर तिला काही सुचेना. रियाचा पायरीवरचा चेहरा काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

ऊन उतरल्यावर ती परत बागेत आली. आनंदीबाई एकट्याच होत्या, मेलेली रोपं काढून ट्रे रिकामे करत होत्या. दीक्षा त्यांच्यासमोर खाली बसली.

"काकी, मला वास येत नाय. साथीच्या तापापासनं. त्या दिवशी मी उगीच सांगितलं."

आनंदीबाईंचे हात थांबले. दीक्षाला वाटलं, आता बोलतील, आणि बोलल्या तर बरंच होईल. पण त्यांनी तिच्याकडे नीट निरखून पाहिलं आणि विचारलं, "मग इतकी वर्सं जेवलीस कशी गं तू?"

हे तिला कुणी विचारलंच नव्हतं. विचारणार तरी कोण, प्रबुद्ध सोडून कुणाला ठाऊकच नव्हतं. दीक्षा पदर तोंडाशी धरून रडली. आनंदीबाई तिच्याजवळ सरकल्या आणि मातीच्याच हातानं तिची पाठ चोळत राहिल्या.

मग त्यांनी तिला खताच्या ढिगापाशी नेलं, तिचा हात कोपरापर्यंत ढिगाच्या पोटात घालायला लावला. आत ऊब होती, निजलेल्या जनावराच्या अंगासारखी.

"अजून ताप हाय त्याला," आनंदीबाई म्हणाल्या. "अंग थंड झालं, चुरा झाला, देठ ओळखू येईना, की पिकलं. नाकच लागतं असं काय नाय."

चूक आपलीच, आपणच वासावर भरवसा ठेवला, असंही त्या म्हणाल्या. दीक्षानं ते मानलं नाही, पण ऐकून तिला बरं वाटलं.

प्रबुद्धला सांगणं त्याहून अवघड होतं. रात्रीचं जेवण वाढून तिनं सांगून टाकलं. त्यानं हातातला घास परत ताटात ठेवला. तिला वाटलं, खोटं बोलल्याचा राग आला असणार. मग तो म्हणाला, "आमटी कधी खारट, कधी अळणी. मला वाटायचं, तू माझ्यावर कशावरनं तरी रागावलीयस. म्हणून मी गप खायचो."

तीन वर्षं तो गप खात होता आणि ती गप वाढत होती. त्या रात्री मात्र दोघं ताटांवर हात वाळेपर्यंत बोलत बसले.

पुढच्या रविवारी दीक्षानं रियाची आणि किशोरची माफी मागितली. रिया आधी तिच्या गळ्यात पडली आणि मग आपल्यामुळे रोपं मेली नाहीत याचा तिला उघड उघड आनंद झाला. किशोर म्हणाला की त्याच्या बहिणीचाही वास असाच गेला होता. डॉक्टरांनी तिला रोज सकाळ-संध्याकाळ ठरावीक वस्तू हुंगायला सांगितल्या होत्या, येवो न येवो, आणि हुंगताना तो वास आठवायला सांगितला होता. बहिणीचा थोडाफार परत आला. प्रबुद्धनं दीक्षाला कर्जतला डॉक्टरकडे नेलं, त्यांनीही तेच सांगितलं. वर आशा फार धरू नका, असंही सांगितलं.

मग ढीग थंड झाल्यावर मंडळानं नवी रोपं लावली, आणि त्याच सकाळी एक लांबट वाफा वेगळा काढला. गवती चहा, तुळस, पुदिना, सब्जा, कढीपत्ता आणि ओव्याची जाडजूड, लवदार पानं. पानओव्याची फांदी मोडून नुसती मातीत खोचली तरी जगते, पुदिन्याला अर्धी सावली लागते, तुळशीचे तुरे खुडत राहिलं तर ती पसरते. आनंदीबाई एकेक सांगत होत्या आणि दीक्षा एकेक लावत होती. कुणी काही म्हटलं नाही, पण तो वाफा कुणाचा ते सगळ्यांना ठाऊक होतं.

हिवाळाभर ती रोज पहाट सरताना तिथं जायची. एकेक पान चुरगळून नाकाशी धरायची आणि डोळे मिटायची. यायचं काहीच नाही. पण आठवायला लागलं की मिटल्या डोळ्यांमागं भलतंच काही उघडायचं. गवती चहापाशी आजीचं ठिगळ लावलेलं जर्मनचं पातेलं दिसायचं. तुळशीपाशी कुणाच्यातरी अंगणातला ओला सडा. पुदिन्यापाशी कर्जतच्या रसवंतीतला बर्फाचा भुगा, आणि लग्नाच्या नव्या नवलाईत समोर बसलेला, मिशी नुकतीच काढलेला प्रबुद्ध. वास नव्हता, पण त्याची जागा होती. ती त्या जागांमधून अशी हिंडून यायची आणि डोळे उघडायची तेव्हा धुकं पातळ झालेलं असायचं.

माघातला एक रविवार होता. धुकं दाट होतं, माणसं आवाजावरूनच ओळखायची. दीक्षा मांडवाकडून झारी घेऊन येत होती आणि मध्येच उभी राहिली. काहीतरी आलं. बारीक, तिखट, किंचित कडवट, सुईच्या टोकाएवढं. आणि गेलं.

तिनं झारी खाली ठेवली. तुळशीपाशी वाकली. नाही. पुदिना चुरगळला, सब्जा चुरगळला. नाही. कढीपत्त्याची अख्खी काडी तोंडावर धरली. नाही. आनंदीबाईंनी तिला तसं करताना पाहिलं आणि हातातलं खुरपं थांबवलं. किशोर थांबला, रिया थांबली. ती धुक्यातून एका झाडाकडून दुसऱ्याकडे जात होती आणि हे तिघं, बोललो तर ते उडून जाईल अशा भीतीनं, पावलांचा आवाज न करता तिच्या मागून चालत होते.

ती फिरून पुन्हा जिथं उभी राहिली होती तिथंच आली, आणि तिथं ते पुन्हा आलं. तिनं खाली पाहिलं. वाफ्यातून पसरत पानओवा पायवाटेवर आला होता आणि तिच्याच पायाखाली चिरडला होता. तिनं खाली बसून चुरडलेली पानं दोन्ही हातांनी उचलली आणि तोंड त्यात खुपसलं. लहानपणी खोकला झाला की आई ही पानं तव्यावर शेकून रस काढायची. तो तवा, ती चूल, आईच्या बांगड्यांना लागलेलं पीठ, सगळं त्या सुईच्या टोकातून आत आलं.

"आला," ती म्हणाली. या वेळी तिला कुणाकडे बघावंसं वाटलं नाही.

आनंदीबाईंनी हळूच तिच्या हातातलं एक पान घेतलं, स्वतः हुंगलं आणि मान डोलावली, जणू हा वास त्याही पहिल्यांदाच घेत होत्या.

त्यानंतर वास आले ते एकेकटे आणि भलत्याच क्रमानं. आधी रॉकेल, मग हिंग, मग टेंपोच्या सीटचं रेक्झिन. लसूण अजून आलेला नाही. डबे तिनं पुन्हा सुरू केले, थोडेच, आणि भरण्याआधी प्रबुद्ध चाखून बघतो आणि आता खारट असेल तर खारट म्हणतो. ढिगात हात घालून खत पिकलं की नाही ते मंडळात तीच सांगते, आणि नव्यानं येणाऱ्यांनाही आधी हातच घालायला लावते.

कुंपणाशी मोगऱ्याची रांग आहे. थंडी सरताना तिची छाटणी झाली होती, पानं ओरबाडून काढली होती, पाणी तोडलं होतं, आणि चैत्रात ती अशी फुलली की पांढऱ्याशिवाय काही दिसेना. दीक्षाला मोगऱ्याचा वास मात्र चुकीचा येतो, करपलेल्या दुधासारखा. डॉक्टर म्हणाले, होतं असं, सुधारेल किंवा नाही. बुद्धपौर्णिमेच्या सकाळी विहारासाठी फुलं तोडायला ती आणि रिया लवकर आल्या. परडी भरत आली तेव्हा दीक्षानं रियाला विचारलं, "आज कसा येतोय गं?"

रियानं परडी खाली ठेवली. तिनं ओंजळभर फुलं घेतली, डोळे मिटले आणि दीक्षाला कळेल असं कसं सांगावं याचा नीट विचार करू लागली.