माझ्या नळीच्या मापाचा साचा

दुकानदार डेलने बंदुकीच्या गोळ्या ओतायचा सहा घरांचा ॲल्युमिनियमचा साचा माझ्यापुढे सरकवला. "हाच घ्या, व्हर्नाबाई. अख्ख्या आयडाहोत सगळे हाच नेतात."

"सगळ्यांच्या नळ्या एका मापाच्या असतात का रे?" मी पर्समधून शिशाचा एक तुकडा काढला. सकाळीच तो रिव्हॉल्व्हरच्या नळीतून ठोकत ठोकत पार केला होता. "हे माझ्या नळीचं माप. मोज."

त्याने कॅलिपर लावला आणि कुरकुरला, "मापांच्या पुस्तकात दिलंय त्यापेक्षा केसभर जास्त आहे."

"असू दे. माझ्या रिव्हॉल्व्हरनं तुझं पुस्तक वाचलेलं नाही. गोळी बारीक पडली की नळीला आतून शिसं माखतं, आणि ते खरवडत मी बसते, तू नाही! याहून किंचित जाड गोळी पाडणारा दाखव. लोखंडी, दोन घरांचा."

"तो फार जड असतो हो. एकदा नवऱ्याला विचारून या ना."

"बाहेर ट्रकमध्येच बसलाय. जा, तूच विचार. तीस वर्षं कुणाच्या हातच्या गोळ्या झाडतोय ते विचार. आणि गावच्या नेमबाजीत दरवर्षी कुणाकडून हरतोय, तेही विचार."