पोस्टरमधला गोरा माणूस

"सयाजी, तुझा राग तुला एक दिवस बुडवणार," असं आमची आई म्हणायची. बुडवलं त्यानं, पण भलत्यालाच.

सत्त्याण्णव साली कळंबोलीत माझं डीटीपीचं दुकान होतं. एक कॉम्प्युटर, एक स्कॅनर, एक प्रिंटर. कोरल ड्रॉ शिकून सहा महिने झाले होते आणि मी अर्ध्या हळकुंडानं पिवळा झालो होतो. तळोज्याच्या एका केमिकल कंपनीचं काम आलं. टाकी साफ करताना काय करायचं, त्याचं पोस्टर. चार चित्रं: उतरण्याआधी आतली हवा तपासा. आत कोणी पडला तर त्याच्यामागं उतरू नका. बाहेरूनच ओरडा. मास्कवाल्यांना बोलवा. "निम्म्या लोकांना वाचता येत नाही, चित्रावरूनच कळलं पाहिजे," असं सेफ्टीच्या साहेबांनी बजावलं होतं.

मी कशाला डोकं चालवतोय? कोरलच्या सीडीत तयार चित्रांचा ढीग होता. त्यातला एक माणूस उचलला. गोरा, पिवळं हेल्मेट, गुडघ्यापर्यंत बूट. एका दुपारात चारही चौकटी भरल्या. झकास दिसत होतं, खोटं कशाला बोलू!

प्रूफ न्यायला कंपनीनं नामाला पाठवलं. नावड्याचा, तिथं कंत्राटावर टाक्या धुणारा. पायात स्लिपर. चहा पिता पिता तो स्क्रीनकडं बघत बसला.

"दादा, यात आमी कुटं हाव?"

"म्हणजे?"

"ह्यो तं सायेब हाय. आमाला हेल्मेट नाय, बूट नाय. आमची पोरां बोलतील, ह्यं सायबांचं हाय, आपलं नाय."

माझं टाळकंच सटकलं. "तू टाक्या धू. मला डिझाईन शिकवू नकोस!" म्हणालो. तो नुसता हसला आणि प्रूफ घेऊन गेला. मी मेल्यानं त्याला थांबवलंही नाही.

पोस्टर टाकीशेजारीच लागलं. चार महिन्यांनी टाकीत एक जण बेशुद्ध पडला. त्याला काढायला नामा शिडीवरून उतरला. दोघंही गेले. मी त्याच्या जोडीदारांना विचारलं, "अरे, पोस्टर समोर होतं ना?" त्यातला एक म्हणाला, "ते सायबांचं. त्याच्याकडं बगतो कोन?"

लोक म्हणतात, नामा पोस्टर बघूनही उतरलाच असता, दोस्त मरताना कोण थांबतो? असेल तसं. पण त्यानं मला वेळेवर सांगितलं होतं आणि मी ऐकलं नाही. हे माझ्या मनातून जात नाही.

नावड्याला गेलो. त्याच्या आईला, शेवंताबाईला, सगळं सांगून टाकलं. म्हटलं, शिव्या घाल. तिनं घातल्या नाहीत, त्याचाच जास्त त्रास झाला. पोस्टर नव्यानं करायचं, त्यात नामालाच घ्यायचं ठरवलं होतं, म्हणून त्याचा फोटो मागितला. तेरावा झाल्यावर ती स्वतःच फोटो घेऊन दुकानात आली. कुणाच्या तरी हळदीतला. बनियन, हाफपँट, तोंडभर हसू.

फोटो स्कॅन केला. ती शेजारी स्टुलावर बसली. माऊसनं एकेक बिंदू टाकत मी त्याच्या खांद्याची, दंडाची रेघ ओढली. उघडं डोकं, स्लिपर, सगळं त्याचंच. दुसऱ्या चौकटीत त्याला शिडीवरून उतरताना ठेवलं आणि त्याच्यावर लाल फुली मारायला घेतली. शेवंताबाईनं माझं मनगट धरलं.

"त्याच्यावर फुली नको मारू रं."

"मावशे, त्याशिवाय बाकीच्यांना कळणार कसं, की उतरायचं नाही?"

"दुसरा कोन तरी उतरव. माज्या पोराला भायेर ठेव. चित्रात तरी भायेर ठेव."

मला पुढचं दिसेना. डोळे पुसले. शिडीवर मी मलाच काढलं, ढेरीसकट, चष्म्यासकट, आणि माझ्यावर जाडजूड फुली मारली. नामाला तिसऱ्या चौकटीत नेलं. टाकीबाहेर, पक्क्या जमिनीवर, दोन्ही हात तोंडाशी धरून ओरडताना.

तिनं स्क्रीनवर त्याच्या गालाला बोट लावलं.

"आता नाय ना उतरनार?"

"नाही, मावशे."

"मंग घरी का येत नाय त्यो?"