अकराची फेरी

ती शाळेची बस चालवायची. आठवड्याचे पाच दिवस पहाटे गॅरेजमधून बस काढायची, बेचाळीस मुलं गोळा करायची, शाळेत सोडायची आणि दुपारी पुन्हा एकेकाला दारात पोहोचवायची. अकरा वर्षांत बसला साधा ओरखडा नव्हता आला. तिचे कान मात्र पार किटून गेले होते. त्यामुळे नवऱ्याने राष्ट्रीय उद्यानाच्या सहलीची टूम काढली तेव्हा तिने पहिला प्रश्न विचारला, "चालवणार कोण?"

नवरा नुसता हसला. तो चष्म्याच्या दुकानात भिंगं घासून फ्रेममध्ये बसवायचा. तिथे अर्ध्या मिलिमीटरची चूक त्याच्या डोळ्याला खुपायची, पण गाडी त्याला येत नव्हती.

"तुला काय, हातचा मळ," तो म्हणाला.

गाडी नणंदेची आणली. किल्ली देताना वन्संनी तीनदा बजावलं, "सीटची कव्हरं नवीन आहेत हं. पोरांना आत काही खायला देऊ नकोस."

उद्यानात स्वतःची गाडी नेता येत नसे. गेटवर उतरून उद्यानाच्याच बसने जंगलात फेरी मारायची. नवऱ्याने महिनाभर आधीच मोबाईलवरून अकराच्या फेरीची चार तिकिटं काढली होती आणि एका कागदावर वेळापत्रक लिहिलं होतं. साडेपाचला निघणे. साडेसातला पहिला थांबा, दहा मिनिटे.

निघायला साडेसहा झाले. चार वर्षांच्या टिल्लूला निळेच बूट हवे होते आणि त्यातला एक गायब होता. शेवटी आठ वर्षांच्या मुलीने तो वॉशिंग मशीनमधून बाहेर काढला. टिल्लूच्या नादाने घरात सगळेच तिला ताई म्हणत. ताईने बूट दिला आणि वर टोमणाही मारला, "यानेच टाकला होता. धुऊन निघतो का बघायला."

शहर संपायच्या आतच मागच्या सीटवर लढाई पेटली.

"आई, हा माझ्या रेषेच्या आत आलाय!"

"कुठली रेष?"

"मी मनात आखलीय ती."

"मग त्याला कशी दिसणार?"

"मी सांगितली ना त्याला!"

टिल्लूने आपला पाय उचलून मुद्दाम त्या न दिसणाऱ्या रेषेपलीकडे ठेवला. ताईने चिमटा काढला. त्याने भोकाड पसरलं. गाडी चालवता चालवता आईने आरशात पाहून आपला बसमधला ठेवणीतला आवाज काढला, "हात आपापल्या मांडीवर!" दोघं गप्प झाली. नवरा कौतुकाने म्हणाला, "वा! तुला काय छान जमतं." तिच्या डोक्यात तिडीक गेली. सुट्टीच्या दिवशी तिला हे जमवायचंच नव्हतं.

मग टिल्लूने "अस्वल आलं का?" सुरू केलं. दर चार मिनिटांनी. ताई दर वेळी खिडकीबाहेर बघून म्हणायची, "हो, ते बघ, ट्रक चालवतंय." टिल्लू खरं मानून बघायचा आणि मग रडायचा.

आठच्या सुमाराला नवऱ्याने मागे वळून हळूच एक केळं पोचवलं. तिने पाहिलं, पण तेवढ्यात समोर वळण आलं. आणखी तीन वळणांनंतर ते केळं वन्संच्या नव्या कव्हरावर परत आलं.

तिने गाडी कडेला घेतली. टिल्लूचे कपडे बदलले, पाण्याची अख्खी बाटली ओतून सीट पुसली. वास काही जाईना. ताई नाक धरून दूर उभी होती. नवरा कागद हातात घेऊन म्हणाला, "आपण सव्वा तास मागे आहोत."

"त्या कागदाने सीट पुसता येते का बघ जरा," ती म्हणाली.

पुढे रस्त्याचं काम निघालं. अर्धा तास गाड्या मुंगीच्या पावलाने सरकत होत्या. रस्ता दाखवायचं काम नवऱ्याकडे होतं, मोबाईलही त्याच्याच हातात. "इथून डावीकडे," तो म्हणाला, आणि मग हळू आवाजात, "होतं. गेलं मागे." परत वळायला सहा किलोमीटर पुढे जावं लागलं.

पण ती हट्टाला पेटली होती. अकराची फेरी चुकवायची नाही म्हणजे नाही. तिने खांदे ताठ केले, मुलांचे सगळे थांबे रद्द केले आणि गाडी हाणली. गंमत म्हणजे, जसजसं उद्यान जवळ येत गेलं तसतसा नवरा गप्प होत गेला. एकदा तर म्हणाला, "एवढी घाई नको करूस गं. बघू तिथे गेल्यावर."

"बघू काय? अकराला बस सुटते ना?"

"हो, सुटते," असं म्हणून तो खिडकीबाहेर बघत बसला.

अकराला दहा कमी असताना तिने गेटजवळ गाडी लावली. टिल्लूला काखोटीला मारून, ताईचा हात धरून ती पळतच तिकीटखिडकीपाशी गेली. तिला खरंच जिंकल्यासारखं वाटत होतं. नवरा मागून सावकाश आला. खिडकीतल्या बाईंनी त्याच्या मोबाईलवरची तिकिटं पाहिली, मग चष्मा वर करून पुन्हा पाहिली.

"ही पुढच्या रविवारची आहेत."

"शक्यच नाही," ती म्हणाली.

"तारीख बघा ना."

नवरा पुढे झाला. "मॅडम, ते माझ्या लक्षात आलं होतं, पण म्हटलं रविवारच तर आहे. लहान मुलं आहेत, लांबून आलोय. काहीतरी जमवा."

"आज एकही जागा नाही. संध्याकाळपर्यंतच्या सगळ्या फेऱ्या भरल्यात," बाई म्हणाल्या आणि मागच्या माणसाकडे बघू लागल्या.

ती नवऱ्याकडे वळली. "लक्षात आलं होतं? कधी?"

"शुक्रवारी," तो म्हणाला. "मी तुला विचारलं होतं, पुढच्या रविवारी जाऊया का म्हणून. तू म्हणालीस, त्या दिवशी वन्संना गाडी लागणार आहे."

"तारीख चुकलीय असं कुठे म्हणालास?"

तेवढ्यात अकराची बस त्यांच्या शेजारून निघाली. खिडकीतून कुणाची तरी मुलं हात हलवत होती. टिल्लूनेही आनंदाने हात हलवला. ती बस आपल्याला सोडून जातेय हे कळल्यावर तो जमिनीवर आडवा पडला आणि त्याने टाचा आपटायला सुरुवात केली. ताई रडली नाही. तिने हाताची घडी घातली आणि म्हणाली, "बाबा, मी वर्गात सगळ्यांना सांगितलंय."

तिने टिल्लूची पिशवी नवऱ्याच्या गळ्यात अडकवली. "एक तास. मला हाक मारायची नाही."

"अगं, पण हा असा..."

"एक तास."

गाडीत वास होता म्हणून ती वाहनतळाच्या पलीकडे एका झाडाखाली जाऊन बसली. हात अजून स्टिअरिंग धरल्यासारखे आखडले होते. तारीख कुणाचीही चुकते. पण साडेचार तास हा माणूस शेजारी बसून होता. ती ओकारी पुसत होती, पोरांना शू दाबून ठेवायला लावत होती, जिवाच्या आकांताने पळत होती, आणि याला सगळं ठाऊक होतं! तिला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. आजूबाजूला सहलीला आलेली माणसं होती, म्हणून तिने नुसतं गवत उपटलं, मूठमूठ.

तासाभराने ती परतली तेव्हा नवरा फुटपाथवर बसला होता. त्याच्या शर्टावर आइस्क्रीम सांडलं होतं. मांडीवर टिल्लू झोपला होता. ताई माहितीच्या फलकावरचं अस्वल वहीत उतरवत होती.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

"गाडीत बसा," ती म्हणाली.

परतीच्या वाटेवर तिने फक्त एकदाच तोंड उघडलं. "तिकिटं वाया घालवायची नाहीत. पुढच्या रविवारी तू या दोघांना घेऊन जा. एसटीने."

"मी? एकटा?"

"मी रोज बेचाळीस नेते."

आठवडाभर त्याला वाटत होतं, राग निवळेल. तो निवळला नाही. कव्हरं दोनदा धुऊनही वन्संनी गाडी घेताना नाक मुरडलंच, त्याने आगीत तेल पडलं. रविवारी पहाटे पाचला तो मुलांना घेऊन निघाला. दोन ठिकाणी गाडी बदलायची होती.

ती पुन्हा अंथरुणात शिरली, पण झोप कुठली! सात वाजता फोन. टिल्लूला खिडकी हवीय आणि खिडकीतले आजोबा उठत नाहीयेत. आठला फोन. ताई बोलत नाहीये, काय करू? साडेनऊला फोन, तो नुसताच, "काही नाही, सहज." दहा वाजता तिने फोन बंद केला आणि तेव्हा कुठे तिचा डोळा लागला. जाग आली तर दुपारचे तीन वाजले होते. घर इतकं शांत होतं की तिने उठून उगाचच नळ सोडला.

सातच्या सुमाराला तिघं दारात उभी राहिली. नवऱ्याचे केस विस्कटलेले, आवाज बसलेला. टिल्लू पळत येऊन तिच्या पायाला बिलगला. "अस्वल होतं! तू का नाही आलीस?"

दिवसभराची विश्रांती त्या एका प्रश्नाने वाया गेली.

नवरा खुर्चीत कोसळला. "झालं बाबा एकदाचं. सगळं छान झालं की नाही? मिटलं ना आता?"

"काय मिटलं?" ती एकदम भडकली. "शुक्रवारी का नाही सांगितलंस, ते तू अजून सांगितलेलं नाहीस."

त्याने वाकून एक बूट काढला. "तू दमून आली होतीस. मी चुकलो की तू काही बोलत नाहीस, नुसतं बघतेस. मला ते सोसत नाही. म्हटलं, गेटवर जमून जाईल, तुला कळणारही नाही."

"म्हणजे चूक माझ्या बघण्याची?"

"नाही गं. माझीच. तू विचारलंस म्हणून सांगितलं."

राग होताच. पण निदान आता तो खऱ्या गोष्टीवर होता. ती म्हणाली, "पुढच्या वेळी शुक्रवारीच सांग. मी बघणार नाही, चांगली ओरडेन. पण मला साडेचार तास पळवून मग सांगू नकोस."

"बरं," तो म्हणाला. आणि बसल्या जागी, एक बूट पायात तसाच ठेवून, झोपी गेला.

तिने टिल्लूचे हातपाय धुतले. मग ताईच्या शेजारी जमिनीवर बसली. "सांग, कसं होतं?"

"पाठमोरं होतं," ताई म्हणाली. "आणि लांब. बाबांनी मला उचललं, तेव्हा दिसलं."

"मग?"

"मग काय, ते खाजवत होतं."